जवारीचा कारागीर हवा आहे

बेंगळुरूत तानपुरा डब्यात बसला त्याला आता चार दशकं उलटून गेली. बासरीवादक आणि अभियंते असलेल्या जी. राजनारायण यांनी 1979 मध्ये इथेच रॅडेल कंपनी काढली, आणि इलेक्ट्रॉनिक तानपुरा घरोघरी पोचला. मग मोबाइलवरची ॲप आली. याबद्दल नाक मुरडण्यात अर्थ नाही. दहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पहाटे रियाज करणाऱ्या मुलीला दुसरं काय परवडणार? खरी तक्रार वेगळी आहे. लाकडी वाद्य कोपऱ्यात उभं राहिलं, तसं त्याची देखभाल करणाऱ्याचं कामही आटलं.

नवी वाद्यं मिळतात. म्हैसुरी वीणा शिसवीची, तंजावरी फणसाच्या लाकडाची. दोन्हींना गिऱ्हाईक आहे. बेंगळुरूत खयाल गाणाऱ्यांकडे मिरजेचे तानपुरे दिसतात. मिरजेत हा धंदा हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात उभा केला. हत्यारांची मागणी घटली, तेव्हा त्याच हातांनी सतारी घडवायला घेतल्या. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचा आणि दांडी तूणाची. गवई अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहायला आले आणि या कारागिरांना कानाचा पक्का गिऱ्हाईक मिळाला.

तयार तानपुरा दुकानात कोणीही चमकवून ठेवतो. नक्षी किती, पॉलिश किती यावर भाव ठरतो, आणि आपणही तेच बघून पैसे मोजतो. पण तानपुऱ्याचं गाणं घोडीवर असतं. घोडीचा माथा सपाट भासतो, तरी त्याला अगदी सूक्ष्म उतार असतो. तार त्याला चाटत जाते आणि खालचा सुताचा दोरा कणभर सरकवला की आवाज खुलतो. हा झंकार म्हणजेच जवारी. वर्षानुवर्षं वाजून तारेखाली खाच पडते. मग झंकार एकतर चरचरीत होतो, नाहीतर मुका. कारागीर तारा ढिल्या करतो, बारीक कानशीने दोनचार हात मारतो, तारा चढवून ऐकतो, पुन्हा उतरवतो. गवयाला खुली जवारी हवी की गोल, हेही त्याला विचारावं लागतं. हात आणि कान मिळून होणारं हे काम पुस्तकातून शिकता येत नाही.

वीणेचं दुखणं निराळं. तिचे 24 पितळी पडदे मेणात बसवलेले असतात. ऊन लागलं की मेण मऊ पडतं आणि पडदे सरकतात. मेण तापवून, एकेक स्वर तारेवर तपासत ते पुन्हा बसवायचे. हे बसवणारा माणूस हाताशी नसेल, तर वीणा बेसूर होऊन पेटीत पडते.

व्हायोलिनचं सांगायचं तर बाळुस्वामी दीक्षितरांपासून ते कर्नाटक संगीतात रुळलंय, पण दुरुस्ती अजून परक्यासारखीच होते. उघडलेल्या सांध्याला फेविकॉल लावण्याची सवय तर घातकच आहे. मूळचा सरस गरम पाणी आणि पातळ सुरीने सोडवता येतो. फेविकॉल लावल्यावर पुढच्या कारागिराला लाकूड फाडावं लागतं. गजाचे घोड्याचे केस घासून गुळगुळीत झाले तरी बदलायचे असतात, हे कितीजणांना ठाऊक आहे? उंची गजासाठी वापरतात ते ब्राझीलचं पर्नांबुको लाकूड 2007 पासून आंतरराष्ट्रीय निर्बंधांखाली आहे. त्यामुळे जुना गज जपण्याला आता पूर्वीपेक्षा जास्त मोल आहे.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंद आहे. नाव जपलं गेलं, नकलेला चाप बसेल. पण मानांकन मालाला असतं, शिकाऊ पोराला नसतं. जवारी काढायला शिकायचं तर वर्षं जातात, आणि त्या वर्षांत पोराच्या घरी चूल कशी पेटणार, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही. दुरुस्तीचे पैसे आपण अजून भाजीवाल्याशी घासाघीस करावी तसे घासतो. हजारो रुपयांचा नवा तानपुरा घेताना हात सैल असतो आणि जवारीला मात्र आखडतो. माझ्या मते या कलेची मुख्य अडचण इथे आहे. लाकूड किंवा यंत्र यांचा नंबर नंतर.

गायनवर्ग आणि संगीतसभा चालवणाऱ्यांना एक विनंती आहे. दर वर्षी मिरजेच्या किंवा म्हैसूरकडच्या एखाद्या जाणत्या कारागिराला आठवडाभर बोलवा, त्याला कार्यक्रमाच्या कलाकारासारखी बिदागी द्या, आणि शेजारी दोन शिकाऊ मुलं बसवा. घरी जुना तानपुरा असेल तर तोही घेऊन जा.