समन्वयाची रिकामी जागा : राष्ट्रीय न्यास कायदा आणि स्थानिक स्तर समिती यांची चिकित्सा

विकासात्मक विकलांगता असलेल्या व्यक्तींचा स्वतंत्रपणे विचार करणारा कायदा म्हणून १९९९ च्या ‘स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदता व बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींच्या कल्याणासाठी राष्ट्रीय न्यास’ या कायद्याचे महत्त्व निर्विवाद आहे. १९९५ च्या विकलांग व्यक्ती कायद्याने शिक्षण, आरक्षण व अडथळाविरहित वातावरण यांवर भर दिला होता. ज्या व्यक्तीला आयुष्यभर कोणाच्या तरी सोबतीची गरज आहे, तिचा प्रश्न त्या चौकटीत बसत नव्हता. राष्ट्रीय न्यास कायदा त्या प्रश्नातून जन्माला आला. त्यामागे पालक संघटनांची दीर्घकाळची मागणी होती आणि त्या मागणीच्या मुळाशी एकच चिंता होती : आमच्या पश्चात या मुलाचे काय? जयवंत दळवी यांच्या ‘नातीगोती’ या नाटकाने अशा मुलाच्या आईवडिलांची घुसमट मराठी रंगभूमीवर आणली. नाटकातील घराच्या चार भिंती हा नाट्यरचनेचा भाग होता. शासनव्यवस्थेने मात्र या प्रश्नाची जागाच त्या चार भिंतींत आहे, असे गृहीत धरले.

कायदा येऊन पाव शतक उलटले आहे. पालकांच्या चिंतेला त्याने दिलेले उत्तर मुख्यतः पालकत्वाच्या आदेशाचे आहे. प्रदेशनिहाय साहाय्यसेवा एकमेकींना जोडण्याचे काम त्याने कोणाकडेही नेमकेपणाने सोपविलेले नाही. ही उणीव केवळ अंमलबजावणीतील शैथिल्याची आहे असे सहसा मानले जाते. परंतु कायद्याची संहिता बारकाईने वाचली असता तिचे मूळ रचनेतच असल्याचे दिसते.

कलम १० मधील उद्दिष्टे उदात्त आहेत. विकलांग व्यक्तीला शक्य तितके स्वतंत्र व परिपूर्ण जीवन आपल्या समाजात आणि समाजाच्या निकट राहून जगता यावे, कुटुंबातच राहता यावे म्हणून सोयी बळकट कराव्यात, कुटुंबावर संकट आले असता गरजेनुसार सेवा मिळाव्यात आणि आईवडिलांच्या मृत्यूनंतर संगोपनाची तजवीज असावी, अशी ही मांडणी आहे. पालकनियुक्तीची कार्यपद्धती विकसित करणे हे या मालिकेतील अनेक उद्दिष्टांपैकी एक. आता कलम १३ पाहावे. या कलमाने स्थानिक स्तर समिती निर्माण केली. तिच्यात जिल्हाधिकारी दर्जाहून कमी नसलेला अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक विकलांग व्यक्ती असे तीन सदस्य असतात. समितीने किमान दर तीन महिन्यांनी एकदा बैठक घ्यावी, अशी अपेक्षा आहे. लगेच पुढे कलम १४ ते १७ मध्ये पालकाची नियुक्ती, त्याची कर्तव्ये, मालमत्तेची यादी आणि त्याला दूर करण्याची प्रक्रिया येते. म्हणजे उद्दिष्टांच्या यादीतील एका कलमासाठी यंत्रणा उभी राहिली; उरलेल्या उद्दिष्टांसाठी जिल्हा पातळीवर कोणीच उभे राहिले नाही.

समितीच्या रचनेतील एक विसंगती फारशी चर्चिली गेलेली नाही. तिसरा सदस्य कोण असावा हे ठरविताना १९९९ च्या कायद्याने १९९५ च्या कायद्यातील व्याख्येचा आधार घेतला. त्या व्याख्येत सात विकलांगता होत्या. मतिमंदता होती, परंतु स्वमग्नता नव्हती. केवळ स्वमग्नता असलेली व्यक्ती त्यामुळे स्वतःच्याच कायद्याखालील समितीची सदस्य होण्यास मूळ व्याख्येनुसार अपात्र ठरत होती, तर अस्थिव्यंग किंवा अंधत्व असलेली व्यक्ती पात्र होती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने विकलांगतेचे प्रकार २१ केले आणि त्यांत स्वमग्नतेचा समावेश झाला. पण मूळ आराखडा करताना या व्यक्तींना सेवेचा विषय मानले गेले, निर्णयातील भागीदार मानले गेले नाही, हे त्या व्याख्येवरून उघड होते.

पालकत्वाबद्दलही दोन शब्द आवश्यक आहेत. कलम १४ समितीला प्रथम दोन गोष्टी तपासावयास सांगते : या व्यक्तीला पालकाची गरज आहे का, आणि असल्यास कोणत्या प्रयोजनासाठी. ही तरतूद तिच्या काळाच्या पुढची होती. भारताने २००७ मध्ये मान्यता दिलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या विकलांग हक्क कराराच्या अनुच्छेद १२ शी आणि २०१६ च्या कायद्यातील मर्यादित पालकत्वाच्या कल्पनेशी ती जुळते. परंतु गरज तपासावयाची तर त्या व्यक्तीचा दिनक्रम, तिला कळणाऱ्या गोष्टी, तिच्याभोवतीची माणसे यांची माहिती हवी. ती माहिती गोळा करणारा कोणी नसेल, तर समितीपुढे उरतात ती प्रमाणपत्राची टक्केवारी आणि नातेवाइकांचा अर्ज.

येथे खरा प्रश्न येतो तो जिल्ह्यातील सेवांच्या साखळीचा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करतात. विकासातील विलंब हा त्यांच्या तपासणीतील एक प्रमुख गट आहे. संशय आल्यास बालकाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. हे आरोग्य विभागाचे काम. अंगणवाडी स्वतः महिला व बालविकास विभागाची. मूल सहा वर्षांचे झाले की ते समग्र शिक्षा योजनेतील विशेष शिक्षकाच्या यादीत येते किंवा विशेष शाळेत जाते. विशेष शाळा व अठरा वर्षांनंतरच्या कार्यशाळा वेगळ्या विभागाच्या अखत्यारीत. प्रमाणपत्र जिल्हा रुग्णालयातून, संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात, निरामय आरोग्य विमा राष्ट्रीय न्यासाकडे, पालकत्व जिल्हाधिकारी कार्यालयात. यांपैकी प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे अस्तित्वात आहे आणि काही ठिकाणी उत्तम कामही करतो. मात्र एका दुव्याकडील माहिती दुसऱ्याकडे आपोआप जात नाही. ती नेण्याचे काम आई करते. प्लॅस्टिकच्या पिशवीतील अहवाल, छायाप्रती आणि जुन्या चिठ्ठ्या हीच या व्यवस्थेतील एकमेव समन्वित नस्ती आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. वैश्विक ओळखपत्रामुळे प्रमाणपत्राचा प्रश्न काही अंशी सुटला. पण ओळखपत्र व्यक्ती कोण आहे हे सांगते, पुढे काय करावयाचे आहे हे सांगत नाही.

सर्वांत मोठी फट अठराव्या वर्षी पडते. तपासणी कार्यक्रमाची वयोमर्यादा अठरा, मोफत शिक्षणाच्या हक्काची मर्यादा अठरा, आणि त्याच दिवशी आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्वही संपते. ज्या वयात साहाय्याचे स्वरूप बदलावयास हवे, त्या वयात ते तुटते.

‘स्थानिक’ या शब्दाचीही चिकित्सा व्हावी. जिल्हा हे महसुली प्रशासनाचे सोयीचे एकक आहे. सेवेचे एकक म्हणून ते फार मोठे आहे. सिरोंच्याहून गडचिरोलीला जायचे तर सुमारे २०० किलोमीटरचा प्रवास. स्वमग्न मुलाला घेऊन तो प्रवास आठवड्याला एकदा करणे कोणत्याही शेतमजूर कुटुंबाला परवडणारे नाही. न्यासाने २०१५ मध्ये सुधारित स्वरूपात मांडलेल्या दिशा, विकास, समर्थ, घरौंदा या योजना वयानुसार चढत जाणाऱ्या पायऱ्यांसारख्या आहेत : लहान मुलांसाठी हस्तक्षेप, मोठ्यांसाठी दिवसकेंद्र, काही काळासाठी निवास, कायमचे घर. पण या सर्व योजना नोंदणीकृत संस्थेने अर्ज केल्यावर सुरू होतात. जेथे संस्था आहे तेथे योजना जाते. जेथे संस्था नाही तेथे ती पाठविण्याची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर योजनेत नाही. संस्थांचे जाळे मुंबई-पुण्याभोवती दाट आहे, आणि योजनेची वाटही साहजिकच त्याच दिशेने वळते.

ही जबाबदारी कायद्यात कशी बांधता येते, हे तपासण्यासाठी कॅलिफोर्नियाच्या अनुभवाकडे पाहणे उपयुक्त ठरते. तेथे १९६० च्या दशकात मतिमंद मुलांसाठी राज्याची मोठी रुग्णालये हाच मुख्य पर्याय होता आणि प्रवेशासाठी प्रतीक्षायाद्या होत्या. पालकांच्या दबावामुळे १९६५ च्या कायद्यान्वये दोन प्रादेशिक केंद्रे प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. फ्रँक लँटरमन या विधिमंडळ सदस्याच्या पुढाकाराने झालेल्या १९६९ च्या कायद्याने हे जाळे राज्यभर नेण्याचे ठरले आणि पुढे १९७० च्या दशकात त्याची व्याप्ती सर्व विकासात्मक विकलांगतांपर्यंत वाढली. आज अशी २१ केंद्रे आहेत. ती सरकारी कचेऱ्या नाहीत. राज्याशी करार केलेल्या ना-नफा संस्था आहेत. प्रत्येक व्यक्तीला एक सेवा समन्वयक नेमून दिलेला असतो, तिच्यासह बसून वैयक्तिक कार्यक्रम आराखडा तयार होतो आणि त्यातील सेवा विकत घेण्यासाठी केंद्राकडे निधी असतो. १९८५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने या सेवा म्हणजे व्यक्तीचा हक्क असल्याचे स्पष्ट केले. निधी कमी आहे म्हणून प्रशासनाला तो हक्क परस्पर आकुंचित करता येत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

हे चित्र आदर्श म्हणून डोक्यावर घेण्याचे कारण नाही. समन्वयकांवरील कामाचा बोजा ही तेथील जुनी तक्रार आहे. वांशिक गट व भाषेनुसार खर्चाची आकडेवारी प्रसिद्ध करणे केंद्रांवर बंधनकारक झाल्यावर, इंग्रजी न बोलणाऱ्या व अल्पसंख्य कुटुंबांवरील दरडोई खर्च कमी असल्याचे वारंवार दिसून आले. बोलक्या, कागदपत्रे सांभाळणाऱ्या पालकांना अधिक मिळते, हा नियम तेथेही चुकलेला नाही. तरीही एक फरक मूलभूत आहे. तेथे विषमता मोजता येते, कारण प्रत्येक व्यक्तीसाठी किती खर्च झाला याची नोंद एका ठिकाणी आहे. येथे मोजण्यासाठी ती नोंदच नाही.

भारतीय कायद्यात अशा हक्काचे बीज अगदीच नाही असे नव्हे. २०१६ च्या कायद्याचे कलम ३८ अधिक साहाय्याची गरज असलेल्या व्यक्तीला अर्ज करण्याचा अधिकार देते. मूल्यमापन मंडळ तिची गरज ठरविते आणि प्राधिकाऱ्याने त्या अहवालानुसार साहाय्य द्यावयाचे असते. मात्र त्याच वाक्यात शासनाच्या संबंधित योजना व आदेश यांच्या अधीन राहून, अशी अट आहे. योजना नसेल तर अहवाल कितीही नेमका असो, तो दप्तरी दाखल होतो. कॅलिफोर्नियातील न्यायालयाने जो दरवाजा बंद केला, तो या अटीने उघडा ठेवला आहे.

खर्चाचा आक्षेप येथे अपेक्षित आहे आणि तो क्षुल्लक नाही. कॅलिफोर्नियाइतका निधी भारतीय जिल्ह्यात येणार नाही. परंतु समन्वयासाठी लागणारी पहिली गोष्ट म्हणजे पद. तालुक्यातील अशा व्यक्तींची यादी ज्याच्याकडे आहे, सहा, चौदा व अठरा या वयांच्या आधी जो घरी जातो आणि ज्याच्या नस्तीवर समितीला पालकत्वाचा निर्णय घेता येतो, अशी एक व्यक्ती. २०११ च्या जनगणनेत देशात मतिमंदतेची नोंद सुमारे १५ लाख व्यक्तींची होती. तालुक्यांत विभागली असता ही संख्या हाताबाहेरची नाही. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला, हे पाऊल महत्त्वाचे आहे. विशेष शाळा आणि कार्यशाळा त्यामुळे स्वतंत्र विभागाच्या छत्राखाली आल्या. शीघ्र हस्तक्षेप केंद्र अजूनही आरोग्य विभागाकडे, समग्र शिक्षा शालेय शिक्षणाकडे आणि अंगणवाडी महिला व बालविकासाकडे आहे. शिवाय २०१६ च्या कायद्याच्या कलम ७२ खाली जिल्हास्तरीय समितीही अपेक्षित आहे. एकाच जिल्ह्यात, बहुधा त्याच सभागृहात, दोन समित्या बसणार. त्यांपैकी कोणती समिती अठरा वर्षांच्या मुलाच्या घरी माणूस पाठविणार, हे दोन्ही कायद्यांत लिहिलेले नाही.