आनंदाची आई

आई म्हटलं की सगळ्यांना श्यामची आठवते. आनंद यादवांच्या 'झोंबी'तली (१९८७) आनंदाची आई निराळी. कागलच्या त्या घरात तिलाच नवऱ्याचा मार चुकत नव्हता, ती पोराला काय पाठीशी घालणार? तिची माया मला दिसते ती दत्ताजीराव देसायांच्या वाड्यावर. बापानं शाळेतनं काढून आनंदाला मळ्यात जुंपलेलं. ही माउली रात्री त्याला घेऊन वाड्यावर जाते, भिंतीकडंला बसून सगळं सांगते, आणि वर विनवते, आम्ही आलो होतो हे मालकांना कळू देऊ नका. भीत भीत, चोरून केलेली माया. पण तिच्यानंच पोरगं शाळेत परत गेलं.

वाचणारे बापाला नुसता राक्षस म्हणून मोकळे होतात. मळ्याला माणसाचे हात लागतात, हे शेतकऱ्याला सांगायला नको. पण हात पोराचे आणि बाप गावात हिंडणार, इथं माझ्यासारख्यालाही त्याची बाजू घेता येत नाही. शाळा कबूल केली तीही अटी घालून: अकरापर्यंत मळा, शाळा सुटल्यावर गुरं.

पुढं सौंदलगेकर मास्तर भेटतात. तेही त्याला मळ्यातनं सोडवू शकत नाहीत. ते कविता म्हणायला शिकवतात, चालीवर, हावभावासकट. आधी पिकाला पाणी पाजताना पोराला एकटेपण खायला उठायचं. आता तो मोठ्यानं कविता म्हणतो, नाचतोसुद्धा, आणि जवळ कुणी नसलेलंच त्याला बरं वाटतं.