‘आमच्या’ म्हणजे कोणाच्या?

गांधीजी १९२५ मध्ये आत्मकथा लिहावयास बसले तेव्हा त्यांच्या एका सत्शील मित्राने शंका काढली. आत्मचरित्र लिहिणे ही पश्चिमेकडची चाल. पूर्वेकडे तिकडच्या वाऱ्याशिवाय ते कोणी लिहिल्याचे ऐकिवात नाही, असा तिचा आशय होता. गांधीजींनी ती प्रस्तावनेत प्रामाणिकपणे नोंदवली, आणि पुढे लिहावयाचे ते लिहिलेच.

ही शंका अजूनही निरनिराळ्या वेषांत आपल्याकडे हिंडत असते. पश्चिमेला ‘मी’ प्यारा आणि पूर्वेला तो विरघळवून टाकण्याची घाई, असे म्हटले की व्याख्यान हमखास रंगते. पुस्तके उघडली की मात्र हिशेब जुळत नाही. आग्र्याच्या बनारसीदास या जैन व्यापाऱ्याने १६४१ मध्येच ‘अर्धकथानक’ लिहून आपली अर्ध्या आयुष्याची कथा पद्यात मांडली होती. आपल्या संत बहिणाबाईंना तर एक जन्म पुरला नाही. मागच्या बारा जन्मांची हकिकतही त्यांनी अभंगांत सांगितली. उलट डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश पंडिताने १७३९ च्या सुमारास आपल्या अंतरंगात ‘मी’ शोधला, तर हाती लागल्या नुसत्या येत्या-जात्या संवेदना. मिलिंद राजाला रथाचा दाखला देणाऱ्या नागसेनाने या गृहस्थाला आनंदाने शेजारी बसवून घेतले असते!

तेव्हा तत्त्वज्ञानाचा घोळ पंडितांवर सोपवून मी एका घरगुती मराठी पुस्तकाकडे वळतो. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली निघाले. त्याचा पहिलाच शब्द पाहा. ‘माझ्या’ नव्हे, ‘आमच्या’. आणि पुढचे ‘आयुष्य’ मात्र एकच. रूसोचे आत्मनिवेदन याच्या शेजारी ठेवून पाहावे. तरुणपणी आपण एक रिबीन चोरली आणि आळ एका मोलकरणीवर घातला, हे रूसो सांगतो ते स्वतःला उघडे करण्यासाठी. ती बिचारी मुलगी तिथे साक्षीला आणल्यासारखी येते आणि जाते. खटला चालतो तो रूसोचाच. रमाबाईंच्या पुस्तकभर मूर्ती उभी आहे ती माधवरावांची, आणि लिहिणारी तिच्या सावलीत बसून बोलते आहे.

पुढे या पुस्तकाचे कॅथरिन गेट्स यांनी इंग्रजीत रूपांतर केले. ते १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे नाव काय असावे? ‘हिमसेल्फ’; आणि खाली, एका हिंदू स्त्रीचे आत्मचरित्र! म्हणजे पुस्तक ‘त्यांचे’ आणि आत्मचरित्र ‘तिचे’. नवऱ्याचे नाव न घेता ‘इकडून’, ‘स्वारी’ म्हणणाऱ्या जुन्या रीतीला धरून बाईंनी हे नाव ठेवले असणार, आणि ते चतुरही आहे. पण ‘आमच्या’ या एका शब्दात जे दोघे एकत्र नांदत होते, त्यांना इंग्रजीत वेगळे बिऱ्हाड करावे लागले. मराठीची सोय काही औरच. वर्गात आत्मवाचक सर्वनाम शिकवताना पोरे नेहमी अडतात: ‘आपण’ म्हणजे मी, की समोरचे तुम्ही, की सगळेच? तिन्ही, असे सांगितले की त्यांना वाटते मास्तर थट्टा करताहेत.

या ‘आमच्या’वर लुब्ध होणारे रसिक पुष्कळ आहेत. पतीत विरघळलेला जीव, पूर्वेचा आदर्श, वगैरे. मला मात्र विचारावेसे वाटते, विरघळायचे कोणी? माधवरावांनी काही ‘आमच्या’ आठवणी लिहिल्या नाहीत. आणि पुस्तक खरोखर जिवंत होते ते जिथे हा विरघळलेपणा पुरत नाही तिथे. रमाबाई पुण्यात भरसभेत गव्हर्नरांपुढे इंग्रजी निवेदन वाचतात. पती शिकवू पाहतो, आणि घरी वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे वाट पाहत असतात. हे बोल ऐकून घेणारी बाई कोण? तिथे ‘आमच्या’ कामाला येत नाही. ते बोल एकटीलाच लागतात, आणि लेखणीही तिथे एकटीची होते. लिहिणाऱ्याच्या नजरेने सांगतो, रूसोच्या कबुलीजबाबाइतकीच ही पाने मला खरी वाटतात, आणि त्यांत मोठ्याने बोलणे कुठेच नाही.

आनंदीबाई कर्वे यांचे पुस्तक १९४४ साली आले, तेव्हा नावात ‘माझे’ आले होते. विधवापण, शारदासदन, १८९३ चा पुनर्विवाह, त्यावरचा बहिष्कार, एवढे सोसलेल्या बाईला ‘माझे’ म्हणण्याचा हक्क कोण नाकारील? पण त्यांनी पुढे शब्द जोडला तो ‘चरित्र’ नव्हे. ‘माझे पुराण’! पुराण म्हणजे लांबण, कोणी ऐको न ऐको, चाललेली. घरात एखादी आजी सांगू लागली की पोरे म्हणतात ना, ‘झालं हिचं पुराण सुरू!’ तोच शब्द बाईंनी आपण होऊन कपाळी लावला.