काठ दडवलेले लुगडे

अमरावतीच्या एका महाविद्यालयात मी मराठी शिकविते. माझे पती अकोल्याला एका कार्यालयात अधिकारी आहेत. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या कार्यालयाने अधिकाऱ्यांना सपत्नीक रात्रीच्या जेवणाला बोलाविले. जायचे होते शनिवारी, पण बुधवारपासून आमच्यात एकच प्रश्न होता : मी काय नेसायचे?

हा प्रश्न या पानांवर मांडावा का, असे कार्यकर्त्यांना वाटेल. ज्यांच्या अंगावर धड वस्त्र नाही त्यांचा प्रश्न आधी, हे मलाही मान्य आहे. परंतु त्या आठवड्यात वर्गात शिकविण्यासाठी आपली आत्मकथने पुन्हा वाचत असताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आपल्या समाजव्यवस्थेत वस्त्राचा प्रश्न निव्वळ कापडाचा कधीच नव्हता. तो ओळखीचा होता. माणूस लांबून येताना दिसला की त्याची जात कळली पाहिजे, यासाठी ते नियम होते.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात हे उघडच सांगितले आहे. शूद्र सेवकाला उष्टे अन्न आणि जुनी वस्त्रे द्यावीत, चांडाळाने प्रेतावरची वस्त्रे वापरावीत. त्रावणकोरात नाडर स्त्रियांनी छाती झाकण्याच्या हक्कासाठी अनेक वर्षे लढा दिला. १८५९ साली राजाज्ञा निघाली, तीही अशी की अंग झाका, पण वरच्या जातींच्या स्त्रिया झाकतात तसे झाकू नका. या एका अटीत सारी जातिव्यवस्था आहे. झाकण्याला तिची फारशी हरकत नव्हती, सारखे दिसण्याला होती.

बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) या आत्मकथनात हेच महारवाड्यात आढळते. लुगड्याला काठ असत. ते दिसतील असे नेसण्याचा मान वरच्या जातींच्या बायकांचा. महारणींनी काठ निऱ्यांखाली दडवायचे, नाहीतर तो वरच्यांचा अपमान ठरे. आपल्या समीक्षेने या पुस्तकातील भूक, रोगराई, अंधश्रद्धा आणि सासुरवास यांची पुष्कळ चर्चा केली. काठांचा तपशील मात्र ‘लोकजीवनाचे चित्रण’ म्हणून बाजूला ठेवला. माझ्या मते तो त्या पुस्तकाचा एक मर्मबिंदू आहे. काठ असलेले लुगडे विकत घेता येते, अंगावर नेसताही येते, पण ते आपले आहे हे दाखविता येत नाही. नवे वस्त्र मिळाल्यानंतरही गुलामी कशी टिकते, हे बेबीताईंनी त्या एका तपशिलात सांगून टाकले आहे.

आता महाड आठवावे. डिसेंबर १९२७ मध्ये ज्या परिषदेत मनुस्मृती जळली, त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी लुगड्याबद्दल बोलले. वरच्या वर्गातील स्त्रिया नेसतात तसे नेसा, ठिगळे असली तरी चालतील, पण स्वच्छ असू द्या, जात सांगणारे जडजड दागिने टाका, असा त्यांचा रोख होता. स्त्रियांनी लगेच लुगडे नेसण्याची पद्धत बदलली. काही विद्वान याला वरच्यांचे अनुकरण म्हणतात. मला ते पटत नाही. आदल्या पिढ्यांनी निऱ्यांत दडविलेला काठ महाडच्या बायांनी बाहेर काढला. त्यांनी स्वतःला लपविले नाही. आम्ही कोण आहोत हे सर्वांना ठाऊक असताना, आणि ठाऊक असूनच, त्या तशा नेसल्या. म्हणूनच ते बंड होते. मनुस्मृतीचा कागद जळला आणि तिने अंगावर लिहिलेला मजकूर बायांनी लुगडे बदलून पुसला.

पुढे २० जुलै १९४२ रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. तिच्या अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे आमच्या अमरावतीच्याच. म्हणजे हा वारसा कोकणातून ऐकलेला नव्हे, तो आमच्या गावचाही आहे.

माझ्या आजीपर्यंत तो पोचला होता. आजी कमरेला फडके बांधून परक्यांच्या वावरात कापूस वेचायची. वऱ्हाडच्या कापसावर गिरण्या चालल्या, व्यापारी गबर झाले. वेचणारणीला वाड्यावरचे जुनेर मिळे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला जायचे ठरले तेव्हा तिने पदरमोड करून पांढरे लुगडे घेतले. त्याबद्दल विचारले की म्हणे, “कोरं होतं व माय, माह्या पैशाचं.” कापसात जन्म घालविलेल्या बाईचे ते पहिले कोरे लुगडे.

माझ्या कपाटात पांढरी सुती साडी आहे. तिला निळा काठ आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला मी ती नेसते. बुधवारी मी तीच काढून ठेवली. पती म्हणाले, “पांढरं नको. लोकांना वाटेल, घरातलं कोणी गेलं.” एका समाजाने मुक्तीचा मानलेला रंग दुसऱ्या समाजाला सुतकाचा दिसतो, एवढेच ते असते तर मी वाद घातला असता. पण रात्री खरे कारण बाहेर आले. “तिथं अजून कोणाला ठाऊक नाही,” ते म्हणाले. त्यांचे आडनाव गावावरून पडलेले आहे, त्यावरून काही कळत नाही.

मी त्यांना भेकड म्हणणार नाही. धाकट्या भावाचे शिक्षण, आईचे औषधपाणी, गावाकडचे घर, सारे त्यांच्या पगारावर आहे. बढतीचा कागद ज्यांच्या टेबलावर जायचा, तेच त्या जेवणाला येणार होते.

इथे कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ (१९८१) आठवल्याशिवाय राहत नाही. संस्कृतात एम.ए. झालेली विदर्भातली ही दलित मुलगी माहेरच्या आडनावाने अर्ज करीत राहिली, नोकरी लागली नाही. आंतरजातीय विवाहानंतर नवऱ्याच्या आडनावाने ती लागली. नोकरीचे श्रेय आपल्याला नसून त्या आडनावाला आहे, हे त्यांनी स्वतःच निखळपणे लिहिले. आडनाव हेही वस्त्रच आहे. फरक एवढा की कुमुदताईंनी ते अंगावर असतानाच त्याचा काठ उलटून सर्वांना दाखविला. माझ्यात तेवढे धैर्य नव्हते. शनिवारी मी नवी जांभळी रेशमी साडी नेसले. भरजरी, रुंद काठाची.

बेबीताईंच्या पुस्तकातील बायांना काठ दडवावे लागत होते. माझे काठ झगमगत होते, मीच दडलेली होते.

जेवताना शेजारच्या बाईंनी विचारले, “तुम्ही मूळच्या कुठल्या?” मी गावाचे नाव सांगितले. “हो, पण म्हणजे कोण?” मी पाण्याचा पेला उचलला. पलीकडे एक गृहस्थ म्हणत होते की कोट्यातले साहेब आले की कामाचा बट्ट्याबोळ ठरलेलाच. सारे हसले. माझे पतीही थोडे हसले. मी ताटातला भात खाऊन संपविला. तो अन्याय आमच्यावर कोणी मुद्दाम केला नाही. आम्ही तिथे आहोत हेच त्यांना ठाऊक नव्हते, आणि ते ठाऊक होऊ नये याची तजवीज आम्हीच बुधवारपासून केली होती.

साधेपणाचा उपदेश करणारे मित्र अशा वेळी गाडगेबाबांचे नाव घेतात. बाबा आमच्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे, परिटाच्या घरात जन्मलेले. लोकांचे कपडे धुणाऱ्या जातीतल्या या माणसाने स्वतः चिंध्या पांघरल्या. बाबासाहेबांनी सूट घातला. एकाच महिन्यात, डिसेंबर १९५६ मध्ये, चौदा दिवसांच्या अंतराने दोघे गेले. चिंध्या खऱ्या की सूट खरा, हा वाद निरर्थक आहे. दोघांनीही आपले वस्त्र स्वतः निवडले आणि ते घालून आपण कोण आहोत हे लपविले नाही. कसोटी ती आहे. रेशीम वाईट नाही, पांढरे पवित्र नाही. भीतीने निवडलेले कोणतेही वस्त्र जुनेरच असते, मग त्याची घडी दुकानात पहिल्यांदाच का मोडलेली असेना.

नवऱ्याच्या समारंभाला काय नेसावे, हा प्रश्न आपल्यात रमाईच्या नावाने सांगितला जातो. बाबासाहेब परदेशातून परतले तेव्हा बंदरावर जायला तिच्याकडे धड लुगडे नव्हते. शाहू महाराजांनी दिलेला जरीचा फेटा नेसून ती गेली, असे सांगतात. ही गोष्ट गाणाऱ्यांनी गायिली, ऐकणाऱ्यांचे डोळे भरून आले. पण आपण नुसते रडत राहिलो. लुगडे नाही म्हणून ती घरी बसली नाही, ती गेली. गोष्टीतल्या रमाईने अंगावरची गरिबी झाकली असेल, स्वतःला झाकले नाही. हा अर्थ आपल्या समीक्षेने काढायला हवा होता.

आपल्या साहित्याने फाटके लुगडे लिहिले, ते लिहिणे भागच होते. पण शिकलेल्या, पगार मिळविणाऱ्या पिढीचे कपाट अजून फारसे लिहिले गेलेले नाही. त्या कपाटासमोर उभ्या राहिलेल्या बाईची लाज, तिच्या नवऱ्याचे भय, त्या दोघांचे न बोलणे, हा आत्मकथनाचा विषय होत नाही. कारण तिथे शत्रू फक्त समोर नसतो, तो आपल्या तोंडूनही बोलतो. विद्यार्थ्यांना मी सांगते की भोगलेले लिहा. आता सांगावे लागेल की दडविलेलेही लिहा. सुरुवात म्हणून मी हे माझे लिहिले आहे. पतींनी ते वाचले आहे, छापायला त्यांची ना नाही.

त्या रात्री परतताना मूर्तिजापूरजवळ आम्ही चहाला थांबलो. थंडी होती. पती म्हणाले, “तू काही बोलली नाही, ते बरं झालं.” चहा संपला. पेला खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे न पाहताच विचारले, “बरं झालं का?”