नेमबाजीच्या चष्म्यातील भिंगांचे रंग आणि रायगड किनाऱ्यावरील प्रकाश : प्रचलित तक्त्यांची चिकित्सा

प्रस्तावना

नेमबाजी हा क्रीडाप्रकार महाराष्ट्रातील महाविद्यालयांना आता परका राहिलेला नाही. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफल प्रकारात अंतिम फेरी गाठणाऱ्या सुमा शिरूर यांनी पनवेल येथे लक्ष्य शूटिंग क्लब उभा केला आणि रायगड जिल्ह्याचे नाव या खेळाशी जोडले गेले. २०२४ मध्ये पॅरिस येथे कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळविले. अशा यशानंतर विद्यार्थ्यांची उत्सुकता वाढते आणि साहित्यखरेदीचा प्रश्न क्रीडा विभागासमोर येतो. एन.सी.सी. छात्रांचा .२२ रायफलचा सराव तर महाविद्यालयांना पूर्वीपासून परिचित आहे.

या साहित्यात नेमबाजीचा चष्मा हा दुर्लक्षित घटक होय. त्याची निवड बहुधा एका तयार तक्त्यावरून होते : कडक उन्हासाठी करडे भिंग, ढगाळ हवेसाठी पिवळे, हिरव्या पार्श्वभूमीसाठी शेंदरी अथवा जांभळे, बंदिस्त सभागृहासाठी पारदर्शक. प्रस्तुत लेखात या तक्त्याची चिकित्सा करावयाची आहे. तक्ता कोणत्या लक्ष्यासाठी व कोणत्या प्रकाशासाठी तयार झाला, आणि अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या किनारपट्टीवर तो कितपत लागू पडतो, हे दोन प्रश्न येथे विचारात घेतले आहेत.

तक्त्यातील ग्राह्य भाग

तक्ता निराधार आहे असे म्हणता येणार नाही. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारणपणे ४०० ते ७०० नॅनोमीटर असते आणि दिवसा मानवी डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे पिवळसर हिरव्या रंगाला, सर्वाधिक संवेदनशील असतो. निळे किरण डोळ्यात इतर रंगांच्या अलीकडे केंद्रित होत असल्याने प्रतिमेच्या कडेला किंचित अस्पष्टता येते. पिवळे भिंग हा निळा भाग अडविते; त्यामुळे कडा अधिक रेखीव भासतात व दृश्य उजळल्याची भावना होते.

मात्र ही भावनाच आहे. कोणतेही रंगीत भिंग प्रकाशात भर घालू शकत नाही. ते केवळ वजाबाकी करते. आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार रंगीत भिंगांचे ० ते ४ असे वर्ग पाडले जातात. शून्य वर्गातील भिंगातून ८० टक्क्यांहून अधिक प्रकाश पार होतो, तर तिसऱ्या वर्गातील भिंगातून केवळ ८ ते १८ टक्के. खरेदी करताना रंगाच्या नावापेक्षा हा आकडा अधिक बोलका असतो. परंतु तक्त्यात त्यालाच स्थान नसते.

लक्ष्याचा विसर

तक्त्याचा पहिला मोठा दोष असा की, तो लक्ष्याविषयी मौन बाळगतो. शेंदरी व जांभळ्या भिंगांची शिफारस मुळात ट्रॅप व स्कीट या प्रकारांतील आहे. तेथे ११० मिलिमीटर व्यासाची नारिंगी तबकडी आकाशाच्या किंवा झाडीच्या पार्श्वभूमीवर वेगाने उडते. नारिंगी रंग उठून दिसावा आणि हिरवा मागे पडावा, यासाठी रंगीत गाळणी खरोखरच उपयोगी ठरते.

आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थी मात्र प्रामुख्याने पांढऱ्या कागदावरील काळ्या वर्तुळावर नेम धरतात. येथे लक्ष्य आणि पार्श्वभूमी यांत रंगाचा भेद नाही, केवळ उजेडाचा भेद आहे. रंगीत भिंग पांढऱ्याचा व काळ्याचा प्रकाश जवळपास सारख्याच प्रमाणात कमी करते. दोहोंमधील गुणोत्तर कायम राहते. भिंग लाल असो वा जांभळे, काळे वर्तुळ त्यामुळे अधिक काळे होत नाही. पिवळ्या भिंगाचा कडांपुरता अल्प लाभ आणि करड्या भिंगाने मिळणारा डोळ्यांचा आराम, एवढेच येथे शिल्लक उरते.

बंदिस्त १० मीटर रेंजवर तर हवामानाचा प्रश्नच उद्भवत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तेथे लक्ष्यावर किमान १५०० लक्स प्रकाश असावा लागतो. तो जूनमध्ये जेवढा, तेवढाच जानेवारीत. तेथे रंगीत भिंगापेक्षा दिव्यांची तपासणी अधिक फलदायी ठरेल.

रायगड किनाऱ्यावरील प्रकाश

दुसरा दोष स्थानाचा आहे. असे तक्ते प्रामुख्याने युरोप-अमेरिकेतील अनुभवावर बेतलेले आहेत. डिसेंबरच्या उत्तरार्धात लंडन येथे दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे १५ अंशच वर येतो. अलिबाग येथे त्याच दिवशी तो सुमारे ४८ अंशांवर असतो. हिवाळ्यातील खालच्या सूर्यासाठी दिलेला सल्ला आपल्याकडील दुपारला लागू पडत नाही. उलट मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत अलिबागचा मध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो आणि सायंकाळी पश्चिमेच्याही उत्तरेस मावळतो. सूर्य नेमबाजाच्या पाठीशी राहावा म्हणून रेंज उत्तराभिमुख ठेवण्याचा संकेत आहे. पण मे महिन्याच्या सायंकाळी अशा रेंजवरही ऊन डाव्या बाजूने समोरून येते. यावर उपाय भिंगाच्या रंगात नसून टोपीच्या झडपेत आणि सरावाच्या वेळापत्रकात आहे.

पार्श्वभूमीही स्थिर नाही. ऑगस्टमध्ये येथील डोंगरउतार गर्द हिरवे असतात. मार्चपर्यंत तेच गवत वाळून तांबूस होते. हिरव्यावर नारिंगी तबकडी उठावदार करणारे शेंदरी भिंग वाळलेल्या गवतालाही तितकेच उजळ करते आणि त्याचा लाभ घटतो. म्हणजे एकाच ठिकाणी, एकाच प्रकारच्या उन्हात, एकाच भिंगाचा गुण ऋतूनुसार बदलतो.

पिवळे भिंग धुके भेदते, ही समजूतही तपासून पाहावी लागेल. हवेच्या रेणूंमुळे होणारे प्रकाशाचे विकिरण तरंगलांबीच्या चतुर्थ घातावर अवलंबून असते. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशापेक्षा चौपटीहून अधिक विखुरतो. स्वच्छ हवेतील निळसर धूसरता म्हणूनच पिवळ्या भिंगाने कमी होते. परंतु खाडीकाठच्या पहाटेच्या धुक्यातील थेंब तरंगलांबीच्या मानाने पुष्कळ मोठे असतात आणि सर्व रंगांना जवळपास सारखेच विखुरतात. तेथे पिवळ्या भिंगाची मात्रा चालत नाही.

समुद्रावरील चकाकीचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. १९२१ मध्ये सी. व्ही. रामन यांनी जलप्रवासात निकोल प्रिझममधून समुद्राकडे पाहिले आणि पृष्ठभागावरील परावर्तन वगळल्यावरही पाणी निळेच दिसते हे दाखवून दिले. ध्रुवीकरण करणारी भिंगे याच तत्त्वावर चकाकी अडवितात. किनाऱ्यावर ती सुखद वाटतात. पण इलेक्ट्रॉनिक लक्ष्यप्रणालीचा पडदा त्यांतून विशिष्ट कोनात काळवंडतो, हे ध्यानात घ्यावे.

तक्त्याबाहेरचे प्रश्न

सर्वांत गंभीर उणीव सुरक्षिततेची आहे. चष्म्याचे पहिले काम डोळा वाचविणे हे होय. युरोपीय प्रमाणानुसार चष्म्याच्या आघातचाचणीत ६ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगाने भिंगावर आदळविली जाते. पॉलिकार्बोनेटचे चांगले भिंग ती सहन करते. रस्त्यावर मिळणारा पिवळा गॉगल ती सहन करेल याची शाश्वती नाही. रंग मात्र दोहोंचा सारखाच दिसतो.

कोकणातील दमट हवेत भिंगावर वाफ धरते आणि विद्यार्थी चष्मा कपाळावर सरकवितो. त्या क्षणी भिंगाचा रंग आणि त्याची ताकद दोन्ही निरर्थक ठरतात. वाफरोधक लेप आणि हवा खेळण्यास वाव देणारी चौकट या बाबी येथे रंगाच्या आधी विचारात घेतल्या पाहिजेत.

गडद भिंगाचा आणखी एक परिणाम क्वचितच सांगितला जातो. प्रकाश कमी झाला की डोळ्याची बाहुली विस्फारते आणि एकाच वेळी जवळचे व दूरचे स्पष्ट दिसण्याची क्षमता घटते. उघड्या साइटच्या रायफलवर फोरसाइट आणि लक्ष्य या दोहोंकडे पाहावे लागत असल्याने अनावश्यक काळे भिंग नेम बिघडवू शकते. तसेच रंगदृष्टिदोष पुरुषांमध्ये स्त्रियांपेक्षा बराच अधिक आढळतो. लाल-हिरव्यातील भेद कमी जाणवणाऱ्या विद्यार्थ्याला तक्त्यातील रंगांचे फायदे जसेच्या तसे मिळणार नाहीत. एक साधी नेत्रतपासणी येथे अनेक भिंगांचा खर्च वाचवू शकते.

समारोप

भिंगाचा रंग हा स्वतंत्र गुण नसून लक्ष्य, पार्श्वभूमी, प्रकाश आणि पाहणारा डोळा यांच्या परस्परसंबंधातून ठरणारी गोष्ट आहे. प्रचलित तक्ता यांपैकी मुख्यतः प्रकाशाचा विचार करतो, आणि तोही परक्या अक्षांशावरचा. म्हणून मर्यादित अनुदान असलेल्या महाविद्यालयाने प्रथम प्रत्येक नेमबाजासाठी व रेंजवर उपस्थित असणाऱ्या प्रत्येक व्यक्तीसाठी आघातरोधक पारदर्शक चष्मा घ्यावा. त्यानंतर नेत्रतपासणीची सोय करावी. मग खुल्या रेंजसाठी फिकट करडी भिंगे घ्यावीत. पिवळे भिंग ऐच्छिक मानावे. शेंदरी व जांभळी भिंगे उडत्या तबकडीचा सराव असेल तरच विचारात घ्यावीत. वर्षभर दर महिन्याला त्याच रेंजवर, त्याच वेळी, निरनिराळ्या भिंगांतून लक्ष्य कसे दिसते याची नोंद ठेवल्यास रायगड किनाऱ्याचा स्वतःचा तक्ता तयार होईल. भौतिकशास्त्र व क्रीडा या दोन विभागांनी मिळून हाती घेण्याजोगा हा प्रकल्प आहे, आणि त्यास फारसा खर्चही येणार नाही.