चिनी सौरपर्वांची संहिता : निसर्ग, सत्ता आणि शोक

कालगणना हा सामान्यतः ज्योतिर्गणिताचा आणि धर्मशास्त्राचा प्रांत मानला जातो. साहित्याच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे कारण काय, अशी शंका त्यामुळे साहजिकच उपस्थित होते. परंतु काही कालगणना अशा आहेत की त्यांची नामावलीच एखाद्या रचनेसारखी वाचावी लागते. चीनमधील चोवीस सौरपर्वे हे याचे ठळक उदाहरण होय. सूर्याच्या भासमान वार्षिक मार्गाचे प्रत्येकी 15 अंशांचे चोवीस भाग आणि प्रत्येक भागाच्या आरंभबिंदूस एक नाव, अशी ही व्यवस्था आहे. प्रत्येक नावात दोनच अक्षरचिन्हे असतात. अवघ्या 48 चिन्हांत संपूर्ण वर्ष मावते.

30 नोव्हेंबर 2016 रोजी आदिस अबाबा येथील बैठकीत युनेस्कोने या परंपरेचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत समावेश केला. तेव्हापासून या विषयावरील लेखनाला बहर आला असून त्याचा एक ठरावीक सूरही बनला आहे. सौरपर्वे म्हणजे मानव व निसर्ग यांच्यातील प्राचीन सुसंवाद, शेतकऱ्याच्या निरीक्षणाचे संचित, पर्यावरणीय शहाणपण, असा हा सूर आहे. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. या संहितेत निसर्गाइतकीच राजसत्ता आहे आणि अन्नाइतकाच शोक आहे. केवळ निसर्गकाव्य म्हणून तिचे वाचन केल्यास तिच्यातील अर्धा आशय गळून पडतो.

नामावलीची घडण

चोवीस नावांची संपूर्ण यादी आज उपलब्ध असलेल्या ग्रंथांपैकी इ.स.पू. 139च्या सुमारास सिद्ध झालेल्या ‘हुआइनान्झी’ या ग्रंथात आढळते. इ.स.पू. 104मध्ये हान राजवटीने स्वीकारलेल्या ‘ताइछू’ पंचांगात तिला अधिकृत स्थान मिळाले. या चोवीसांपैकी आठ नावे निव्वळ खगोलीय आहेत. त्यांत चार ऋतूंचे आरंभ, दोन संपात आणि दोन अयनबिंदू येतात. पाच नावे उष्मा व थंडी यांच्या पायऱ्या सांगतात. सात नावे पाण्याची आहेत : पर्जन्यजल, धान्यवर्षा, शुभ्र दव, शीत दव, हिमकणांचे उतरणे, लघुहिम आणि महाहिम. या सात नावांतील शेवटची पाच सलग वाचली तर पाण्याच्या एका रूपांतराची कथाच समोर येते. दव गारठते, गोठते आणि अखेर बर्फ होऊन कोसळते. नामावलीचा उत्तरार्ध इतका एकजिनसी वाटतो तो यामुळेच.

उरलेल्या चार नावांत सजीव सृष्टी व भूमी यांचे दर्शन घडते. त्यांपैकी ‘जिंगझे’ हे मार्चच्या पहिल्या आठवड्यातील पर्व सर्वांत काव्यात्म मानले जाते. त्याचा अर्थ होतो निद्रिस्त कीटकांचे दचकणे. वसंतातील पहिल्या मेघगर्जनेने भूमीतील कीटक दचकून जागे होतात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. तथापि या पर्वाचे मूळ नाव ‘छीझे’, म्हणजे निद्रिस्त कीटकांचे उघडणे, बाहेर पडणे, असे होते. इ.स.पू. 157 ते 141 या काळात राज्य करणाऱ्या हान सम्राट जिंग याचे व्यक्तिनाव ‘छी’ होते आणि सम्राटाच्या नावाचे अक्षर लिहिणे वा उच्चारणे निषिद्ध असल्यामुळे ते बदलावे लागले. म्हणजेच निसर्गनिरीक्षणाचा उत्कृष्ट नमुना म्हणून आज ज्या शब्दाकडे बोट दाखवले जाते, तो दरबारी निषेधाचे अपत्य आहे. दचकले ते कीटक की पंचांगकार, असा प्रश्न विचारण्याचा मोह येथे आवरत नाही.

‘शियाओमान’ आणि न आलेले नाव

या नामावलीत जोड्या आहेत. लघु उष्म्यानंतर महा उष्मा, लघुहिमानंतर महाहिम, लघुशीतानंतर महाशीत. मात्र 21 मेच्या सुमारास येणाऱ्या ‘शियाओमान’ म्हणजे ‘लघु-पूर्ण’ या पर्वानंतर ‘महा-पूर्ण’ येत नाही. त्याच्या जागी ‘मांगझोंग’, म्हणजे कुसळांच्या धान्याची पेरणी, हे पर्व येते.

या अनुपस्थितीवर चीनमध्ये अलीकडे विपुल लिहिले जाते. पूर्णत्व हे ऱ्हासाचे आमंत्रण असते, म्हणून पूर्वजांनी ‘महा-पूर्ण’ मुद्दामच टाळले, असा त्याचा नैतिक अन्वय लावला जातो. हा अन्वय मोहक आहे. कन्फ्यूशियसच्या परंपरेतील संयमाच्या शिकवणीशी तो जुळतोही. परंतु त्यासाठी नामावलीबाहेरचे तत्त्वज्ञान आणावे लागते आणि शेताकडे पाठ फिरवावी लागते. सौरपर्वांची जन्मभूमी पीत नदीचे मधले व खालचे खोरे ही होय. तेथे मेच्या तिसऱ्या आठवड्यात हिवाळी गव्हाच्या ओंब्यांत दुधाळ दाणा भरू लागतो. तो भरला आहे, पण पुरता नव्हे. पंधरा दिवसांनी गहू कापणीला येतो आणि त्याच सुमारास खरिपाच्या धान्याची पेरणीही उरकावी लागते. दाणा ‘पूर्ण’ झाल्याचा सोहळा करायला शेतकऱ्याला उसंतच नसते. ‘महा-पूर्ण’चा अभाव हा कामाच्या घाईचा पुरावा आहे, असे म्हणणे अधिक साधे व अधिक प्रामाणिक ठरेल. संपूर्ण नामावलीत मानवी कृतीचा निर्देश प्रचलित अर्थानुसार या एकाच ठिकाणी, ‘पेरणी’ या शब्दात येतो, ही बाबही या संदर्भात दुर्लक्षिण्याजोगी नाही.

शिवाय हा शब्द दक्षिणेत गेल्यावर त्याचा अर्थही बदलला. भातशेतीच्या प्रदेशात ‘लघु-पूर्ण’ म्हणजे नद्या व खाचरे पाण्याने भरणे, असे समजले जाते. ओंबीतील दाण्याचे तेथे खाचरातील पाणी झाले. नामावली एकच राहते, पण भूमी बदलली की तिचा संदर्भ बदलतो. ग्वांगझोऊ येथे महाहिमाच्या दिवशी हिम पडत नाही आणि हार्बिन येथे वसंतारंभी नदी गोठलेलीच असते. अशा ठिकाणी ही नावे वर्णन न राहता केवळ तारखा होतात आणि त्यांना अर्थ देण्याचे काम स्थानिक प्रथांना करावे लागते. हाँगकाँगमध्ये ‘जिंगझे’च्या दिवशी उड्डाणपुलाखाली बसून वृद्ध स्त्रिया कागदी मानवाकृतींना जोड्यांनी बडवतात. गिऱ्हाइकाच्या शत्रूंचे निवारण करणारी ही प्रथा कीटकांपासून बरीच दूर आली आहे. यांगत्सेच्या दक्षिणेकडील भागात उन्हाळ्याच्या आरंभी मुलाबाळांना तराजूत बसवून वजन करतात, कारण पुढील महिन्यांच्या उष्म्याने शरीर झिजते. संहितेत यातील काहीही नाही.

राजाचे वर्तन आणि चिमण्यांचे शिंपले

प्रत्येक सौरपर्वाचे पाच-पाच दिवसांचे तीन भाग पाडून एकूण 72 पंचके मानली गेली. (मराठी पंचांगातील अशुभ ‘पंचका’शी यांचा संबंध नाही.) प्रत्येक पंचकाला निसर्गातील एक घटना नेमून दिलेली आहे. पाणमांजर माशांची आरास मांडते, इंद्रधनुष्य प्रकट होते, गांडुळे वेटोळे घालतात. यांतील बऱ्याच घटना सूक्ष्म निरीक्षणातून आल्या आहेत. मात्र त्याच यादीत कुजलेल्या गवताचे काजवे होतात आणि चिमण्या समुद्रात शिरून शिंपले होतात, असेही नमूद आहे. ‘निरीक्षणाचे संचित’ या सिद्धांतापुढे ही नोंद अडचण उभी करते. तिचा उलगडा यिन व यांग या तत्त्वांच्या आधारे होऊ शकतो. थंडी वाढते तेव्हा उडणारे जीव जलात विलीन झाले पाहिजेत, असे त्या विश्वकल्पनेचे सांगणे आहे. निरीक्षण आणि सिद्धांत येथे हातात हात घालून चालतात; पैकी कोण कोणाला ओढत आहे, हे प्रत्येक वेळी सांगता येत नाही.

ही सामग्री ‘लीजी’ या अभिजात ग्रंथातील मासिक आज्ञांच्या प्रकरणाशी निगडित आहे. त्या प्रकरणात सम्राटाने कोणत्या महिन्यात कोणत्या दालनात राहावे, कोणत्या रंगाची वस्त्रे ल्यावीत याचे विधान आहे. वसंतात ग्रीष्माच्या आज्ञा काढल्या तर आपत्ती ओढवते, असा इशाराही त्यात आहे. निसर्गातील घटना वेळेवर न घडणे हा राज्यकर्त्याच्या चुकीचा पुरावा ठरत असे. म्हणजे सौरपर्वांची संहिता शेतकऱ्याला वेळ सांगत होती त्याचप्रमाणे राजाचे हिशेबही तपासत होती. अठराव्या शतकात चिएनलुंग सम्राटाने दोंगझीच्या, म्हणजे हिवाळी अयनाच्या काळात शिंगे नेमकी कोणते हरीण टाकते, याची राजोद्यानात पडताळणी करविली आणि पंचांगातील प्राण्याचे नाव बदलविले. चिमण्यांचे शिंपले मात्र तसेच राहिले. जपानमध्ये 1685च्या पंचांगसुधारणेनंतर शिबुकावा शुन्काई याने या पंचकांची स्थानिक हवामानानुसार नव्याने मांडणी केली. आजच्या जपानी यादीत शिंपल्यांच्या जागी शेवंतीचे फुलणे आहे. काजवे मात्र गवतातूनच निघतात. तेवढा लोभ जपान्यांनाही सोडवला नसावा.

गणिताच्या बाजूने एका गोष्टीची नोंद करणे येथे आवश्यक आहे. ज्या चांद्रमासात बारा ‘मध्यपर्वां’पैकी एकही येत नाही तो अधिक, असा चिनी नियम आहे. भारतीय पंचांगातील संक्रांतिरहित अधिकमासाशी त्याचे साम्य कोणाही मराठी वाचकाच्या लक्षात येईल. भेद असा, की चिनी पर्वे सायन आहेत. आपल्याकडील पावसाची नक्षत्रे निरयन आहेत व सुमारे 72 वर्षांत एक दिवस या गतीने ती ऋतूंपासून पुढे सरकतात. मृग नक्षत्र आणि मांगझोंग ही दोन्ही पेरणीची पर्वे सध्या जूनच्या पहिल्या आठवड्यात अवघ्या दोन-तीन दिवसांच्या अंतराने येतात. हे सामीप्य कायमचे नाही. शं. बा. दीक्षित यांनी 1896 साली प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या ग्रंथात सायन पंचांगाचा पक्ष मांडला होता. चीनला हा वाद घालावा लागला नाही. मात्र तेथेही पर्वांमधील अंतर समान दिवसांचे धरावे की सूर्याच्या प्रत्यक्ष गतीनुसार, हा प्रश्न होताच. 1645च्या ‘शिशिएन’ पंचांगाने दुसरा पर्याय स्वीकारला.

छिंगमिंग : शोकाची परवानगी

‘छिंगमिंग’ म्हणजे स्वच्छ व उजळ. 4 किंवा 5 एप्रिलला येणारे हे पर्व नावावरून तरी हवामानाचे आहे. परंतु चूल न पेटवण्याच्या ‘शीत अन्न’ या सणाला त्याने आपल्यात सामावून घेतले आणि ते पितरांच्या कबरी झाडण्याचे पर्व झाले. जिआंगनान भागात या दिवशी हिरव्या रसात मळलेले भाताच्या पिठाचे गोळे करतात, माणसे रानात फिरायला जातात, पतंग उडवतात. शोक आणि सहल एकाच दिवशी, आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नाही. उजळ नावाच्या दिवशी पाऊस आणि उदासी आणणारी, तू मू या कवीच्या नावावर असलेली कविता चिनी शाळकरी मुलांना पाठ असते. ती खरोखर त्याचीच आहे काय, याविषयी मतभेद आहेत.

सौरपर्वांवरील पद्यरचनांचा दर्जा मात्र एकसारखा नाही. दुनहुआंग येथील हस्तलिखितांत चोवीस पर्वांवरील चोवीस कवितांचा संच मिळाला आहे. त्याचे कर्तृत्व वादग्रस्त असून त्याचे स्वरूप स्मरणपद्याचे आहे. प्रत्येक पर्वाला त्याची पंचके जोडून दिली की कविता संपते. याउलट तू फू याने 759 साली, आन लुशानच्या बंडाच्या धामधुमीत, विखुरलेल्या भावांच्या आठवणीने लिहिलेल्या चांदण्या रात्रीच्या कवितेत ‘शुभ्र दव’ या पर्वाचा निर्देश एकदाच येतो. पंचांगाने ठरवलेला दिवस ठरल्याप्रमाणे येतो; भावांची पत्रे मात्र येत नाहीत. पंचांगाच्या या निश्चितीमुळेच ती अनिश्चितता असह्य होते. पहिल्या प्रकारात पर्व हा विषय आहे. दुसऱ्यात ते मोजमाप आहे, आणि काव्य दुसऱ्यातच घडते.

हेच मोजमाप 1976 साली रस्त्यावर आले. जानेवारीत चाउ एन-लाय यांचे निधन झाले होते. त्या वर्षी छिंगमिंग 4 एप्रिलला होते. मृतांना पुष्पचक्रे वाहण्याचा परंपरेने दिलेला दिवस म्हणून प्रचंड जनसमुदाय थिएनआनमेन चौकात जमला आणि हुतात्मा स्मारकावर पुष्पचक्रांसह कविता चिकटवल्या गेल्या. रात्रीतून ती हटवली गेली. 5 एप्रिलला संघर्ष झाला व त्या घटनेवर प्रतिक्रांतीचा शिक्का बसला. तो 1978मध्ये पुसला गेला आणि चौकातील कवितांचे संकलनही प्रसिद्ध झाले. या कवितांत निसर्ग कितीसा आहे, हा प्रश्नच अप्रस्तुत ठरतो. सभेला बंदी घालता येते, परंतु सूर्याने 15 अंश ओलांडण्याला घालता येत नाही. छिंगमिंगला सार्वजनिक सुटी 2008पासून मिळाली.

2022च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकचे उद्घाटन 4 फेब्रुवारीला, नेमके वसंतारंभी झाले. झांग यीमोऊ यांच्या दिग्दर्शनाखाली उलटगणतीतील चोवीस आकड्यांना चोवीस पर्वे जोडण्यात आली होती. दृश्ये देखणी होती. हिरवी शेते, दव, बर्फ आणि त्यांतून धावणारे खेळाडू. प्रत्येक पर्वाला काही क्षण मिळाले आणि राष्ट्राची सुबक प्रतिमा तयार झाली. राजाला जाब विचारणारी आणि मृतांसाठी जागा मागणारी पर्वे त्या पडद्यावर असणे शक्यच नव्हते.

त्या भव्यतेच्या शेजारी एक साधी वस्तू ठेवून पाहता येईल. दोंगझीपासून नऊ-नऊ दिवसांची नऊ आवर्तने, म्हणजे 81 दिवस, मोजण्यासाठी उत्तर चीनमधील घरांत थंडी घालवण्याचा तक्ता भिंतीवर लावीत. कधी तो 81 पाकळ्यांच्या प्लमच्या फुलांचा असे व रोज एक पाकळी रंगवली जाई. कधी 81 वर्तुळांचा असे. त्यात ढगाळ दिवशी वर्तुळाचा वरचा भाग भरत, उन्हाच्या दिवशी खालचा, वारा असेल तर डावा, पाऊस असेल तर उजवा आणि बर्फ पडल्यास मध्य. पंचांग जे घडावे असे सांगत होते, त्याच्या जवळच घरातील माणूस प्रत्यक्ष काय घडले ते भरीत असे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटचे वर्तुळ भरले की तक्ता उतरवला जाई.