एका वाक्याचे रसग्रहण

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. साहित्याच्या प्रांतात माझा अधिकार शून्य. पण बँकेत वीस वर्षे दुसऱ्यांनी लिहिलेल्यावर लाल शाईने खुणा करतो आहे, आणि पुष्कळ समीक्षकांचे भांडवल तरी याहून कुठे जास्त असते? तेव्हा आज एका वाक्याचे रसग्रहण करतो.

जानेवारी २०२४ मध्ये विंडोज-१० वापरणाऱ्या पुष्कळांच्या पडद्यावर हे वाक्य झळकले. आमचा घरचा संगणक तेव्हा माळ्यावर होता, त्यामुळे माझा वैयक्तिक आकस नाही. भावार्थ असा : अपडेट बसवताना काही अडचणी आल्या, पण आम्ही नंतर पुन्हा प्रयत्न करू. आणि खाली सहीच्या जागी आकडा, ०एक्स८००७०६४३.

काय गोडवा आहे पाहा! 'काही अडचणी.' कसल्या, कुणाला, कुणामुळे, विचारायचे नाही. उसने पैसे परत मागायला जा, हेच वाक्य ऐकू येते. दुर्बोधतेबद्दल माझी तक्रार नाही. नवकवितेने आपल्याला ती सवय लावलेली आहे. शिवाय आकड्याचा अर्थ लागतो. त्यातले ६४३ हे दहाऐवजी सोळाच्या हिशेबाने लिहिलेले. आपल्या हिशेबात ते १६०३ होतात, आणि १६०३ म्हणजे 'बसवताना घातक चूक झाली'. म्हणजे अक्षरात सांगितले तेच आकड्यात, फक्त सोवळे नेसवून!

खरे दुखणे निराळेच होते. ९ जानेवारीचे हे केबी५०३४४४१ नावाचे अपडेट म्हणजे 'रिकव्हरी'च्या कोपऱ्यातल्या एका भगदाडावरचे ठिगळ. यंत्र हाती लागलेला भामटा त्या वाटेने कुलूपबंद डिस्कपर्यंत पोचू शकत होता. काम पुण्याचेच. पण त्यासाठी त्या कोपऱ्यात २५० एमबी मोकळी जागा हवी, आणि अनेकांकडे ती नव्हती. सांगायचे होते एवढेच, की जागा नाही. एसटीचा कंडक्टर हे दिवसातून शंभरदा सांगतो! पुढे कंपनीनेच मान्य केले, की चूक कळवणाऱ्या यंत्रणेतच चूक असल्यामुळे चुकीची चूक कळवली गेली. ज्यांच्याकडे तो कोपराच नाही, त्यांनी दुर्लक्ष करावे.

इलाज होता, पण तो आपला आपण करायचा. रिकव्हरी बंद करा, मुख्य भाग २५० एमबीने आवळा, जुना कोपरा पुसा, मोठा करून पुन्हा मांडा. सगळे काळ्या पडद्यावर हुकूम टंकून. भलताच भाग पुसला की मुंजीचे फोटो गेले. आपोआप होणारी दुरुस्ती मिळायची नाही, हेही त्याच वर्षी कळले. इकडे यंत्राचा 'पुन्हा प्रयत्न' इमानाने चालूच.

इथे आणखी दोन आसूड ओढणार होतो. पण मास्तर आठवले.

निवृत्त मास्तर. भाडेकरूचा आठ हजारांचा चेक घेऊन आले होते. पत्नीच्या मोतीबिंदूची तारीख ठरलेली. दोघांची खाती आमच्याच शाखेत. चेक परतला आणि मेमोवर खूण करताना माझी एक ओळ चुकली. 'शिल्लक अपुरी'ऐवजी 'सही जुळत नाही'. मास्तरांनी भाडेकरूकडून नवी सही आणली. तो बिचारा आनंदाने देई. त्याच्यापाशी द्यायला तेवढेच होते! पुढचे दोन्ही चेक मी मागचा मेमो बघून परत केले. मधल्या काळात ऑपरेशनची तारीख उलटून गेली.

चौथ्यांदा आले ते पूर्ण नावाची, कित्ता गिरवल्यासारखी सही घेऊन. "आता तरी जुळते का बघा हो, साहेब."

मी पहिल्यांदाच खाते उघडून पाहिले. एकशे बारा रुपये.

"मास्तर, खात्यात पैसेच नाहीत."

ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "हे पहिल्या दिवशी सांगितलं असतंत, तर सही कशाला, मी त्याच्याकडं रोखच मागितली असती की."